नवोदयच्या ६० ग्रामीण जागा नेमक्या कोणाला मिळतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाचा निकाल लागला की दरवर्षी तोच वाद सुरू होतो. क्लासवाल्यांची मुले लागली, खेड्यातली राहिली, परीक्षाच बंद करा, सोडत काढा. हा वाद निकालानंतर पंधरा दिवस चालतो आणि पुढच्या वर्षीचे अर्ज येईपर्यंत विरून जातो. पाचवीच्या वर्गाला वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक म्हणून आम्हाला वाटते की या वादात बोट चुकीच्या जागी ठेवले जाते. परीक्षा असणे हा दोष नाही. ग्रामीण विद्यार्थी कोणाला म्हणायचे याचा नियम आणि त्या नियमाची पडताळणी, या दोन ठिकाणी गळती आहे.

ज्यांच्या घरात हा विषय आलेला नाही अशा वाचकांसाठी थोडी माहिती देतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना उभी राहिली. त्याआधी १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात पहिली दोन विद्यालये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. (महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. पुसेगाव, धुळे येथील शासकीय विद्यानिकेतने त्याआधीच ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निघाली होती.) आज तमिळनाडू वगळता देशभर ही विद्यालये आहेत. सहावी ते बारावी निवासी शिक्षण, जेवण, गणवेश, पुस्तके. आठवीपर्यंत काहीही शुल्क नाही. नववीपासून विकास निधी म्हणून महिना ६०० रुपये, त्यातही मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतील मुलांना माफी. शेतमजुराच्या लेकराला सात वर्षे या दर्जाचे शिक्षण देणारी दुसरी सरकारी व्यवस्था आमच्या माहितीत नाही. म्हणून एकेका जागेसाठी भांडायला हवे.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांतल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या. उरलेल्या २० जागांवर शहरी आणि ग्रामीण दोघेही गुणवत्तेवर येऊ शकतात. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, पण राष्ट्रीय प्रमाणापेक्षा कमी नाही अशा जागा, इतर मागास वर्गाला २७ टक्के, दिव्यांगांना नियमाप्रमाणे आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींना. कागदावर ही रचना चांगली आहे आणि तिला हात लावण्याची गरज नाही.

आता ग्रामीण विद्यार्थी कसा ठरतो ते पाहा. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मुलाने पूर्णवेळ ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असली पाहिजेत. या तीन वर्षांत एक दिवस जरी तो शहरी भागातल्या शाळेत शिकला, तर तो शहरी धरला जातो. शहरी भाग म्हणजे २०११ च्या जनगणनेत शहरी ठरलेला, किंवा त्यानंतर सरकारी अधिसूचनेने शहरी झालेला. बाकी सगळे ग्रामीण.

हा नियम महाराष्ट्रातल्या शाळांच्या रचनेवर ठेवून बघा, म्हणजे तो कुठे उलटतो ते दिसेल. आपल्याकडे असंख्य वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीचा वर्ग अनेक ठिकाणी माध्यमिक शाळेला जोडलेला, आणि ती माध्यमिक शाळा बऱ्याचदा तालुक्याच्या गावी. २०१४ नंतर राज्यात तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. नगरपंचायत म्हणजे शहरी भाग. आता धरा, डोंगरातल्या वस्तीवरची एक मुलगी पहिली ते चौथी द्विशिक्षकी शाळेत शिकली आणि पुढचा वर्ग गावात नाही म्हणून पाचवीला एसटीने तालुक्याच्या हायस्कूलमध्ये जाऊ लागली. नवोदयच्या अर्जात ती शहरी ठरते. तिचे ६० जागांवरचे नाव गेले, ती २० खुल्या जागांच्या स्पर्धेत जिल्ह्याच्या शहरातल्या मुलांसमोर उभी राहिली. याउलट महापालिकेच्या हद्दीला खेटून, पण ग्रामपंचायतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या फीच्या इंग्रजी शाळेतला मुलगा नियमाप्रमाणे शंभर टक्के ग्रामीण. त्याच्या शाळेची बस शहरातूनच मुले भरून आणते. नियमाने पाहायचे शाळेचे ठिकाण, त्यामुळे त्याला हरकत घेता येत नाही.

पालकांना याची कल्पना नसते. जूनमध्ये पाचवीचा प्रवेश घेताना कोणी सांगत नाही की या एका दाखल्याने नवोदयचा ग्रामीण कोटा जाणार आहे. अर्ज भरायला बसल्यावर कळते आणि तोवर वेळ गेलेली असते. शाळा बदलून परत आणले तरी उपयोग नाही, कारण एक दिवसही चालत नाही.

इथे राज्य सरकारचीही जबाबदारी आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा एक टप्पा मानला आहे आणि राज्याच्या नियमांनुसार तो वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत मिळायला हवा. चौथीच्या शाळांना पाचवी जोडण्याचे आदेश निघाले, काही ठिकाणी वर्ग सुरूही झाले. पण जवळच्या माध्यमिक शाळेची तुकडी कमी होईल, शिक्षक अतिरिक्त ठरतील, या भीतीने अनेक ठिकाणी ते अडकले. संस्थांची अडचण आम्हाला समजते. तिची किंमत दहा वर्षांच्या मुलीने मोजावी, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

दुसरी गळती पडताळणीची. नवोदयच्या ऑनलाइन अर्जाला मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तिसरी ते पाचवी मूल कोणत्या शाळेत, ग्रामीण की शहरी, हे त्यात लिहिलेले असते. निवड झाल्यावर कागदपत्रे पुन्हा तपासली जातात. पण ती तपासणी कागदाची असते. मुलाचे नाव खेड्यातल्या शाळेच्या हजेरीपटावर आणि मूल वर्षभर दुसऱ्याच गावी निवासी क्लासमध्ये, हा प्रकार आता कोणापासून लपलेला नाही. पटसंख्या टिकवण्याची धडपड करणारी शाळा असे नाव नाकारत नाही, कारण पट कमी झाला तर शिक्षकाचे पद जाते. क्लासचालकाला ग्रामीण दाखला हवा, शाळेला पट हवा, पालकाला जागा हवी. तिघांचे भले होते आणि चौथ्याची जागा जाते.

हे पकडणे अवघड नाही. शाळांची माहिती ठेवणाऱ्या केंद्राच्या यू-डायस प्लस प्रणालीत २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंदी आहेत. प्रत्येक मुलाला पेन, म्हणजे कायमस्वरूपी शैक्षणिक क्रमांक आहे, तो कोणत्या वर्षी कोणत्या अकरा अंकी संकेतांकाच्या शाळेत होता हे त्यात दिसते आणि ती शाळा ग्रामीण की शहरी हेही तिथेच नोंदलेले असते. अर्जात पेन क्रमांक टाकला की तीन वर्षांचा शाळेचा तपशील आपोआप यावा, मुख्याध्यापकांनी फक्त तो बरोबर असल्याचे सांगावे. प्रमाणपत्र हाताने भरायची वेळच येऊ नये. पटावरचे मूल प्रत्यक्ष वर्गात असते का, यासाठी आणखी एक पुरावा हाताशी आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांत नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात, ज्यांना शाळेत सगळे पॅट म्हणतात. त्यांच्या उत्तरपत्रिका शाळेत असतात, गुण ऑनलाइन भरले जातात. जो मुलगा वर्षभर शाळेत आलाच नाही, त्याच्या हस्ताक्षरातली पाचवीची उत्तरपत्रिका कुठून येणार? निवड झालेल्या प्रत्येक ग्रामीण विद्यार्थ्याच्या दोन चाचण्यांच्या मूळ उत्तरपत्रिका गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मागवून बघितल्या, तरी बराचसा बनाव उघडा पडेल. जिल्ह्याला ६० ते ८० मुले, म्हणजे दोन दिवसांचे काम आहे.

आता परीक्षेबद्दल. तिच्यावर टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रश्नपत्रिका उघडून पाहिली असेल, याची आम्हाला शंका आहे. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमता ४० प्रश्न ५० गुण, अंकगणित २० प्रश्न २५ गुण, भाषा २० प्रश्न २५ गुण. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. मराठीतून पेपर देता येतो.

निम्मे गुण मानसिक क्षमतेला ठेवण्यामागचा विचार प्रामाणिक होता. आकृत्यांना भाषा लागत नाही, पुस्तक लागत नाही, त्यामुळे साध्या शाळेतले हुशार मूलही बरोबरीला येईल. प्रत्यक्षात सर्वांत जास्त क्लासच्या कह्यात गेलेला भाग हाच आहे. कारण साधे आहे. यात दहाच प्रकारचे प्रश्न येतात, प्रत्येक प्रकाराचे चार. गटात न बसणारी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अपूर्ण नक्षी पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली छिद्रे, तुकडे जोडून होणारी आकृती आणि लपलेली आकृती. हे दहा प्रकार आणि त्यांचा क्रम ज्याला पाठ आहे, तो सूचना न वाचता थेट उत्तराला लागतो. जे मूल पहिल्यांदाच पाहते, ते घडीच्या कागदाचा प्रश्न विचारतोय तरी काय, हे समजण्यात पाच मिनिटे घालवते. या भागाला साधारण एक तास मिळतो, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. तिथे पाच मिनिटे गेली की शेवटचे दोन-तीन प्रश्न कोरे राहतात. बुद्धी दोघांची सारखी असू शकते, ओळख सारखी नसते.

ओळख करून देणे मात्र शिक्षकाच्या हातात आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. घडीचा कागद घ्या. मुलांच्या हातात जुन्या वहीचे चौकोनी पान द्यायचे. एकदा उभी घडी, मग एकदा आडवी. मिटलेल्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर पेन्सिलीने भोक पाडायचे आणि उघडण्याआधी मुलांना विचारायचे, किती भोके दिसतील, कुठे दिसतील? मग उघडायचे. दोन घड्या म्हणजे चार भोके आणि प्रत्येक घडीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, हे वीस पाने फाडल्यावर मूल स्वतः सांगते. आरशातील प्रतिमेसाठी खिशातला आरसा पुरतो. उजवे-डावे बदलते, वर-खाली बदलत नाही, हे सांगून कळत नाही, आरसा आकृतीशेजारी उभा धरून कळते. तुकडे जोडण्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापायच्या. जुलैपासून आठवड्याला एक प्रकार घेतला तर दहा प्रकार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपतात. त्यानंतर दर शनिवारी पूर्ण पेपर, घड्याळ लावून.

अंकगणिताची अडचण वेगळी आहे आणि ती शिक्षकाच्या हातात नाही. नवोदयच्या अभ्यासक्रमात लसावि-मसावि आहे, नफा-तोटा आहे. बालभारतीच्या आजवरच्या पुस्तकांत हे दोन्ही घटक सहावीत येतात. पाचवीच्या पुस्तकात मूल विभाज्य आणि विभाजकापर्यंत पोहोचते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत इमानेइतबारे पाचवी शिकलेल्या मुलाला न शिकवलेले विचारले जाते. त्यात परीक्षा आधी-आधी होऊ लागली आहे. २०२४ मध्ये ती २० जानेवारीला होती, २०२५ मध्ये १८ जानेवारीला आणि त्यानंतरची १३ डिसेंबर २०२५ ला. पाचवीच्या दुसऱ्या भागातले दशांश अपूर्णांक, परिमिती, क्षेत्रफळ हे दिवाळीनंतर शिकवले जाते. डिसेंबरच्या मध्यात परीक्षा म्हणजे त्यासाठी जेमतेम काही आठवडे. क्लासमध्ये हे सगळे एप्रिल-मे महिन्यांतच झालेले असते. नवोदय समितीने परीक्षा निदान जानेवारीच्या अखेरीला तरी ठेवावी आणि प्रश्न राज्याच्या पाचवीच्या पुस्तकाबाहेर जाऊ देऊ नयेत. तेवढे केले तरी क्लासचा निम्मा फायदा कमी होईल.

उत्तरपत्रिकेचे एक सांगायलाच हवे, कारण दरवर्षी चांगली मुले त्यात जातात. ओएमआरवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर, गोल काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने भरायचा असतो, खोडता येत नाही. एक प्रश्न सोडून पुढे गेलेले मूल उत्तरपत्रिकेत मात्र गोल सोडत नाही, आणि तिथून पुढची सगळी उत्तरे एकेक घर वर सरकतात. पेपर सोपा गेला म्हणून हसत बाहेर आलेले मूल नापास होते ते असे. उपाय म्हणजे दर पाच प्रश्नांनी प्रश्नक्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवून बघायची सवय. ती महिनाभराच्या सरावाने लागते, परीक्षेच्या दिवशी सांगून लागत नाही. अर्ज भरतानाही असेच होते. सायबर कॅफेत घाईने माध्यमाच्या रकान्यात मराठीऐवजी इंग्रजी निवडले जाते आणि केंद्रावर हातात इंग्रजी पेपर पडतो. अर्जाची प्रत काढून मुख्याध्यापकांनी माध्यम, तालुका, ग्रामीण-शहरी आणि प्रवर्ग हे चार रकाने तरी स्वतः वाचावेत.

परीक्षा रद्द करून सोडत काढावी किंवा शिफारस, मुलाखत, उपक्रमांची नोंदवही यांवर निवड करावी, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. शिफारस कोणाची चालेल, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. उपक्रमांची नोंदवही पालकच सजवतील. ज्या मुलाच्या मागे कोणी नाही, त्याला सव्वा गुणाचा गोल हाच आधार आहे. परीक्षा ठेवा, पण एकमेकांसारख्या परिस्थितीतल्या मुलांची एकमेकांशी तुलना करा.

हा विचार जगात इतरत्र झालेला आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात थॉमस जेफरसन हे नावाजलेले सरकारी हायस्कूल आहे. तिथे २०२० मध्ये प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांइतक्या जागा त्या त्या शाळेसाठी राखल्या. भारतीय वंशाच्या अनेक कुटुंबांसह आशियाई पालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने धोरण वैध ठरवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. परीक्षा काढली हे आम्हाला पटत नाही, पण जागा शाळांमध्ये वाटण्याची कल्पना घेण्यासारखी आहे. शिकागोने दोन्ही गोष्टी जुळवल्या. परीक्षा ठेवली, आणि वस्त्यांचे उत्पन्न, शिक्षण, घरांची मालकी अशा निकषांवर चार स्तर पाडून बहुतांश जागा त्या स्तरांमध्ये वाटल्या. इतक्या दूर जायचे नसेल तर तमिळनाडू आहे. तिथे २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाने ते आरक्षण वैध ठरवले.

आमची मागणी अशी आहे. ६० ग्रामीण जागांपैकी ४० जागा पहिलीपासून पाचवीपर्यंत जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा शासकीय आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांना द्याव्यात, सध्याचे सामाजिक आणि मुलींचे आरक्षण तसेच ठेवून. पहिली ते चौथी अशा शाळेत, गावात पाचवी नाही म्हणून पाचवी अनुदानित हायस्कूलमध्ये, मग ते नगरपंचायतीत असले तरी, अशा मुलांनाही त्यात धरावे. ग्रामीणत्व ठरवताना शाळेच्या जागेबरोबर कुटुंबाचे राहते गावही पाहावे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. कमी फीच्या इंग्रजी शाळेत मुलाला घालणारा बापही पुष्कळदा शेतकरीच असतो, पोटाला चिमटा काढून फी भरतो. त्याच्यावर अन्याय नको. म्हणूनच आम्ही सगळ्या ६० मागितल्या नाहीत. उरलेल्या २० ग्रामीण आणि २० खुल्या अशा ४० जागा त्याच्या मुलाला मोकळ्या आहेत. गुणवत्ता घसरेल, हा दुसरा आक्षेप. दहाव्या वर्षी दोन-तीन प्रश्नांच्या फरकाने कोण किती पुढे जाईल हे ठरत नाही. पुढची सात वर्षे सगळ्यांना तेच शिक्षक, तीच प्रयोगशाळा आणि तेच ग्रंथालय मिळणार आहे.

समितीने निकालाबरोबर प्रत्येक जिल्ह्याचा तपशील संकेतस्थळावर टाकावा. प्रवर्गनिहाय आणि तालुकानिहाय शेवटचा गुण, निवड झालेल्यांपैकी किती मुले कोणत्या व्यवस्थापनाच्या शाळेतली, किती मुली. मुलांची नावे नकोत. हे आकडे समोर आले की आमचे म्हणणे खरे की खोटे तेही तपासता येईल. जनगणना २०२७ मध्ये होत आहे, तिचे आकडे आल्यावर शहरी-ग्रामीणची यादी बदलेलच. त्या वेळी हद्दीलगतच्या गावांचा प्रश्न पुन्हा येणार आहे आणि त्याचा नियम आधीच ठरलेला असावा.

नवोदयचे अर्ज साधारण जून-जुलैमध्ये सुरू होतात. केंद्राचा नियम बदलेपर्यंत जिल्हा परिषदांना एक गोष्ट आजच करता येईल. ज्या चौथीच्या शाळांमधली मुले पाचवीला नगरपंचायत हद्दीतल्या शाळेत जातात, त्या शाळांची यादी गटशिक्षण कार्यालयांनी एप्रिलच्या आत काढावी आणि चौथीच्या प्रत्येक पालकाला निकालाच्या दिवशी लेखी कळवावे की नवोदयच्या ग्रामीण जागेसाठी पाचवी ग्रामीण शाळेतच करावी लागेल, आणि जवळची अशी शाळा ही आहे.

आपले विश्वासू,
पाचवीला शिकवणारे काही जिल्हा परिषद शिक्षक